दहा वेळा सांगूनही लेकरू तेच करतं तेव्हा: दीड ते तीन वर्षांच्या मुलांचे उद्योग आणि खानदेशातल्या घरांसाठी उपाय

तक्रार बहुतेक घरांत सारखीच असते. लेकराच्या हातातून वाटी काढून घेतली तर ते तांब्या घेऊन येतं. तांब्या वर ठेवला तर थेट पाण्याच्या पिंपाशी जातं. ओरडलं की क्षणभर थांबतं, आपल्या तोंडाकडे बघतं आणि पुन्हा तिथंच. मग घरात चर्चा सुरू होते: हट्टी झालंय, लाडावलंय, आजीनं डोक्यावर बसवलंय.

यातलं काहीच खरं नसतं. ‘नको’चा अर्थ दीड वर्षाच्या मुलाला कळतो, पण निघालेला हात मधेच आवरणं त्याला अजून जमत नाही. ती ताकद तीन वर्षांच्या पुढे हळूहळू येते. त्यामुळे या वयात आवाज चढवून फरक पडत नाही. दुसरं कारण आपल्याकडेच आहे. आपण वस्तू काढून घेतो, पण लेकरू जे काम करत होतं ते काम अर्धवटच राहतं. त्याला तांब्या नको होता, त्याला ओततं पाणी बघायचं होतं. तांब्या गेला तरी ओतणं बाकी आहे, म्हणून ते पुढचं भांडं शोधतं.

आधी उद्योग ओळखा

दोन दिवस फक्त निरीक्षण करा. वस्तूचं नाव बाजूला ठेवा आणि क्रियापद पकडा. ओततं, फेकतं, कोंबतं, उघडझाक करतं, चढतं की चावतं? एका वेळी साधारण एक-दोनच उद्योग जोरात असतात. कपाटातले कपडे बाहेर काढणं, डाळीचा डबा उपडा करणं आणि कचऱ्याची टोपली सांडणं ही आपल्याला तीन वेगळी संकटं वाटतात. लेकरासाठी ते एकच काम आहे, रिकामं करणं.

सोबत वेळही बघा. बहुतेक घरांत गोंधळ दोनदाच होतो: सकाळी भाकरी टाकायच्या वेळी आणि संध्याकाळी दिवेलागणीला. दोन्ही वेळी मोठ्यांचे हात गुंतलेले असतात आणि लेकरू भुकेलेलं किंवा झोपेला आलेलं असतं. त्या वेळेच्या अर्धा तास आधी पोटात काही गेलं तर निम्मा त्रास तिथंच मिटतो.

उद्योग कळला की धोकादायक जागा पक्की बंद करायची आणि तेच काम दुसऱ्या जागी करू द्यायचं. दोन्ही एकाच दिवशी करा. नुसती बंदी घातली तर लेकरू नवी जागा शोधेल, आणि ती कदाचित आधीपेक्षा वाईट असेल.

ओतणाऱ्याला मोरीत किंवा ओसरीवर परात, दोन फुलपात्रं आणि एक पेलाभर पाणी द्या. कोणीतरी शेजारी बसायचं, आणि खेळ संपला की परात उपडी ठेवायची. फेकणाऱ्याला चिंध्यांचा चेंडू आणि टोपली द्या. कोंबणाऱ्याला उभं धरलेलं लाटणं आणि त्यात घालायला प्लास्टिकच्या जाड बांगड्या द्या, काचेच्या नकोत. उघडझाक करणाऱ्याला स्वयंपाकघरातला सगळ्यात खालचा एक कप्पा त्याच्या नावे करा, त्यात झाकणाचे रिकामे डबे ठेवा आणि तो कप्पा उघडला म्हणून कधीही रागवू नका. पाच-सात मिनिटं रमलं तरी पर्याय बरोबर बसला असं समजा. या वयात त्याहून जास्त वेळ एका जागी बसायची अपेक्षा नको. घरात सगळ्यांचे शब्दही एकच असू द्या. आई म्हणते ‘नको’, बाबा म्हणतात ‘थांब’, आजी अहिराणीत म्हणते ‘अठे ये’ (इकडे ये), तर लेकराला तीन वेगळी माणसं तीन वेगळ्या गोष्टी सांगत असल्यासारखं वाटतं. त्यातलं ‘अठे ये’ सगळ्यात उपयोगी, कारण काय करायचं ते त्यात सांगितलेलं आहे.

पाणी: पिंप, बादली, हौद, कूलर

खानदेशात याला पहिला नंबर द्यावा लागतो. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरात साठा असतोच: २०० लिटरचं पिंप, मोरीतल्या बादल्या, अंगणातला हौद किंवा जमिनीखालची टाकी. त्यात उन्हाळा म्हटलं की कूलर.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष बादलीकडे होतं. या वयात डोकं शरीराच्या मानानं जड असतं. लेकरू वाकून आत बघतं, तोल पुढे जातो आणि पाय वर उचलले जातात. बादलीचं तोंड अरुंद, त्यामुळे हात टेकून उठता येत नाही. चार-पाच बोटं खोल पाणीही पुरतं. आणि आवाज येत नाही. बुडणारं लहान मूल हाका मारत नाही, हातपाय फारसे आपटत नाही. ‘रडलं असतं तर ऐकू आलं असतं’ हा भरवसा चुकीचा आहे. भरलेली बादली मोरीत ठेवायची असेल तर मोरीच्या दाराला बाहेरून, मोठ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर कडी लावा. ते जमत नसेल तर वापर झाला की बादली उपडी करा.

पिंपाच्या झाकणावर वीट किंवा पाटा ठेवायची पद्धत सोडून द्या. लेकरू झाकण ओढतं आणि वीट पायावर येते. दुचाकीवर सामान बांधायची हुकाची रबरी दोरी पिंपाच्या दोन्ही कानांतून झाकणावरून ताणून बसवली की दोन वर्षांच्या हाताला ती निघत नाही. पिंपाला कान नसतील तर पोटाला नायलॉनची दोरी घट्ट गुंडाळून त्यात हुक अडकवा. पिंपाजवळ स्टूल, पाट, उलटी बादली यातलं काहीही राहू देऊ नका. हौदाला आणि टाकीला पत्र्याचं झाकण, कडी आणि कुलूप. नुसती कडी पुरत नाही, कारण कडी काढणं हाच काही मुलांचा उद्योग असतो.

कूलरचं दुखणं दुहेरी आहे. लेकराला तो तीन कारणांनी ओढतो: गार वारा, घरघर आणि गवताच्या जाळीतून झिरपणारं पाणी. लोखंडी बॉडीचा कूलर असेल, पंपाच्या वायरचं आवरण कुठे तडकलेलं असेल आणि अर्थिंग नसेल, तर पूर्ण पत्र्यात करंट उतरू शकतो. मोठ्या माणसाच्या पायात चप्पल असते, त्याला नुसती झिणझिणी जाणवते. लेकरू अनवाणी, ओल्या फरशीवर आणि ओल्या हातांनी उभं असतं. त्याच्या अंगातून जाणारा करंट कितीतरी जास्त. म्हणून ‘थोडा झटका देतो, पण चालतोय’ असा कूलर लेकराच्या घरात एक दिवसही चालवू नये.

मार्चमध्ये कूलर खाली काढला की लावायच्या आधी एवढं करून घ्या:

१. पंपाची वायर पूर्ण लांबीभर बोटांनी चाचपून बघा. तडा किंवा टेप लावलेला जोड दिसला तर अख्खी वायर बदला. जोड ठेवायचाच असेल तर तो पाण्याच्या पातळीच्या बराच वर हवा.

२. पिन तीन पायांचीच हवी आणि सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. तिसरं भोक आहे म्हणजे मागे अर्थिंगची तार आहे असं नाही, जुन्या घरांत ती बऱ्याचदा जोडलेलीच नसते.

३. घराच्या बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. करंट गळायला लागला की तो क्षणात लाइन तोडतो. साधा एमसीबी हे काम करत नाही, तो फक्त जास्त लोडला आणि शॉर्ट सर्किटला पडतो.

४. पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही. पिन उपसून मगच पाइप लावायचा.

५. पुढच्या पट्ट्यांतून लेकराचं बोट आत जात असेल तर आतून बारीक जाळी बसवा. कूलर शक्यतो खिडकीबाहेर स्टँडवर ठेवा आणि वायर लोंबकळू देऊ नका.

आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून पुसून कोरडी करा. डेंग्यूच्या डासाची अंडी ते डास ही वाढ साधारण सात ते दहा दिवसांत होते, म्हणून आठवड्याचा नेम.

मळ्यात राहणाऱ्यांसाठी शेततळ्याबद्दल वेगळं सांगायला हवं. तळाला आणि काठांना अंथरलेला प्लास्टिकचा कागद ओला झाला की त्यावर मोठा माणूसही पाय रोवू शकत नाही. चारही बाजूंनी किमान पाच फूट तारेचं कुंपण आणि फाटकाला कुलूप हवंच. शिवाय काठावर खुंटीला बांधलेला जाड दोर आणि हवा भरलेली ट्रकची ट्यूब कायम असू द्या. लेकरामागे उडी मारणारा माणूसही वर येऊ शकत नाही, म्हणून आधी दोर.

लेकरू पाण्यात सापडलं आणि श्वास नसेल तर त्याला उलटं धरू नका, पोट दाबू नका, त्यात वेळ जातो. सपाट जमिनीवर उताणं झोपवा, हनुवटी वर करा, नाक दाबून तोंडातून पाच श्वास द्या. हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध तळहातानं ३० वेळा दाबा, मग दोन श्वास, आणि हेच चालू ठेवा. दाब छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल, मिनिटाला १०० ते १२०. दुसऱ्यानं लगेच १०८ लावायचा.

तोंडात, नाकात, कानात

आपल्या ताटात शेंगदाणा सगळीकडे आहे. भरितात अख्खा, चिवड्यात अख्खा, गुळाबरोबर अख्खा. आणि श्वासनलिकेत अडकणाऱ्या वस्तूंमध्ये शेंगदाण्याचा नंबर फार वरचा आहे. कारण दातांचं आहे. पहिल्या दाढा साधारण सव्वा-दीड वर्षाला येतात, मागच्या दाढा दोन ते अडीच वर्षांच्या आसपास. तोवर लेकरू पुढच्या दातांनी शेंगदाण्याचे दोन तुकडे करतं, त्याचं पीठ करू शकत नाही. गुळगुळीत तुकडा हसताना किंवा रडताना श्वासाबरोबर आत ओढला जातो.

चार वर्षांपर्यंत अख्खा किंवा अर्धा शेंगदाणा नको. कूट चालतो, भाकरीबरोबर दाण्याची पातळ चटणी चालते. भरीत करताना लेकराचा वाटा दाणे घालायच्या आधी बाजूला काढा. फुटाणे, कच्चे हरभरे, सुपारी, चिंचोके यांचं तेच. मेहरूणची बोरं आली की बी काढून गर कुस्करून द्या. सीताफळाची बी इतकी निसरडी असते की जिभेवरून सरळ घशात जाते, म्हणून गर बोटांनी वेगळा करून भरवायचा, फोड हातात द्यायची नाही. टरबुजाच्या बिया काढा. द्राक्षाचे उभे चार तुकडे. केळी आपल्याकडे लेकराच्या हातात येता-जाता दिली जातात, त्यात गोल चकत्या करण्यापेक्षा उभे काप चांगले. आणि खाताना बसलेलंच असावं. पळता पळता घास, खाटेवर लोळत घास, दुचाकीवर घास, हे तिन्ही बंद.

कोणती वस्तू धोक्याची ते ठरवायला घरीच मापटं करता येतं. जाड कागदाची ११ सेंटिमीटर लांब आणि ६ सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. गोल वळवून टोकं १ सेंटिमीटर एकमेकांवर चढवून चिकटवा. सुमारे ३.२ सेंटिमीटर व्यासाची नळी तयार होते. जी वस्तू या नळीत पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती नको. खेळण्यांच्या सुट्या भागांसाठीही जवळपास हेच माप धरतात. घरातल्या गोट्या, बटणं, बाटल्यांची झाकणं, नाणी, खोडरबर एकदा त्यातून टाकून बघा.

अडकलंच तर काय? लेकरू जोरात खोकत असेल, आवाज निघत असेल तर खोकू द्या, पाठीवर मारू नका, पाणी पाजू नका. आवाज निघेना, खोकला येईना, ओठ निळसर व्हायला लागले, तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेनं पाच जोरदार थापा. नाही निघालं तर मागे गुडघ्यावर बसून बेंबीच्या वर आणि बरगड्यांच्या खाली मूठ ठेवा, दुसऱ्या हातानं धरून आत आणि वरच्या दिशेनं पाच झटके. पुन्हा पाच थापा, पुन्हा पाच झटके. एक वर्षाखालच्या बाळाला पोटावर झटके द्यायचे नाहीत. त्याला मांडीवर डोकं खाली करून पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच दाब. घशात आंधळेपणानं बोट घालणं ही सगळ्यात घातक सवय आहे, वस्तू आणखी खाली जाते. दिसत असेल तरच काढा. शुद्ध हरपली तर जमिनीवर झोपवून वर सांगितलेले ३० दाब आणि दोन श्वास.

एक फसवा प्रकार नीट लक्षात ठेवण्यासारखा आहे. दाणे खाताना अचानक ठसका लागतो, लेकरू लाल होतं, मग शांत होतं आणि खेळायला लागतं. घरात सगळे निवांत. तीन-चार दिवसांनी खोकला, शिट्टीसारखा आवाज, ताप. सर्दीचं औषध चालू होतं, बरं वाटतं, पुन्हा तेच. दाण्याचा तुकडा एका बाजूच्या नळीत बसलेला असू शकतो. शेंगदाणा एक्स-रेमध्ये दिसत नाही, म्हणून ‘एक्स-रे चांगला आहे’ यावर समाधान मानू नका. डॉक्टरांना आधी ठसक्याची गोष्ट सांगा. दुर्बिणीनं तपासावं लागतं आणि त्याच दुर्बिणीनं तो काढतात.

नाकात उडीद, तूर, हरभरा घालणं हा कोंबणाऱ्यांचा आवडता उद्योग. नाकात पाणी किंवा थेंब टाकू नका, डाळ फुगते आणि घट्ट बसते. चिमट्यानंही काढू नका. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आत काहीतरी आहे असंच समजून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. कानात जिवंत किडा गेला असेल तर कोमट तेलाचे दोन-तीन थेंब टाकून तो शांत करता येतो, पण कान आधीपासून वाहत असेल तर तेल नको. डाळ किंवा दाणा गेला असेल तर कानात काहीच टाकायचं नाही.

बटणासारखी चपटी बॅटरी मात्र यातली सगळ्यात तातडीची बाब. रिमोट, वाजणारी खेळणी, यात्रेतले लुकलुकणारे दिवे, वजनकाटा यांत ती असते. अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते, आणि लेकरू वरून ठीक दिसू शकतं. गिळल्याची शंका आली तरी थेट मोठ्या दवाखान्यात जा, उलटी करवू नका, जेवण देऊ नका. मूल एक वर्षावरचं असेल आणि गिळून १२ तासांच्या आत असेल तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध देता येतो, जास्तीत जास्त सहा वेळा. मधासाठी निघायला उशीर करू नका. बॅटरी नाकात गेली तरी तेवढीच घाई हवी.

दिवाळीच्या सुमारास घरात कापूस येऊन पडतो. खोलीभर पांढरा ढीग दिसला की लेकरू उडी मारणारच. त्यात ते आत धसतं आणि तोंड झाकलं जातं. सरकी नाकात जाते, किड्यांनी अंगाला खाज सुटते. विकेपर्यंत त्या खोलीला कुलूप ठेवा. उडीच हवी असेल तर दोन गाद्यांची घडी घालून द्या.

डबे, बाटल्या, देवघर

कपाशीची फवारणी जुलैपासून पुढे जोरात चालते. उरलेलं औषध थंड पेयाच्या बाटलीत ओतून पऱ्हाटीच्या ढिगामागे किंवा गोठ्यात ठेवायची सवय अनेक ठिकाणी आहे, आणि विषबाधेचं मूळ तिथं आहे. लेकराला लेबल वाचता येत नाही, बाटलीचा आकार मात्र ओळखीचा असतो. औषध मूळ डब्यातच राहू द्या, गोठ्यात कुलपाची पेटी करा, आणि फवारणीचा पंप, मोजमापाचं झाकण, हातमोजे तिथंच ठेवा. ठिबक धुवायचं ॲसिडही त्याच पेटीत. फवारून आलेल्या माणसानं कपडे बदलून आंघोळ केल्याशिवाय लेकराला उचलू नये.

लाळ गळणं, घाम, उलट्या, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होणं, धाप, ही बऱ्याच फवारणी औषधांच्या विषबाधेची लक्षणं. उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून साबणानं धुवा आणि डबा लेबलासकट दवाखान्यात न्या. ॲसिड किंवा रॉकेल पोटात गेलं तरी उलटी नकोच. ॲसिड परत वर येताना दुसऱ्यांदा भाजतं, रॉकेल फुप्फुसात जातं.

उंदीर मारायची पेस्ट भाकरीच्या तुकड्याला लावून कोपऱ्यात ठेवणं लेकराच्या घरात पूर्ण बंद करा. काही पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असतो. तो खाल्लेलं मूल एक-दोन दिवस बरं दिसतं आणि मग यकृत निकामी व्हायला लागतं. ‘आता खेळतंय’ म्हणून घरी थांबू नका.

देवघराकडे कोणी संशयानं बघत नाही, पण कापूर खडीसाखरेसारखा दिसतो आणि त्याचा लहान तुकडाही लेकराला झटके आणू शकतो. कपाटातल्या डांबर गोळ्यांचंही तसंच. दोन्ही वरच्या फळीवर, झाकणाच्या डब्यात. अंगणातली पिवळी कण्हेर, धोतरा आणि कुंपणाचा मोगली एरंड यांची फळं खाली पडलेली रोज उचला. मोगली एरंडाच्या बियांना बरी चव असते, म्हणून मुलं एकावर थांबत नाहीत.

धाबं, जिना, चूल

उन्हाळ्यात सगळं घर धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर झोपतं. कठडा नसलेल्या धाब्यावर लेकराला कमरेला ओढणीनं बांधून झोपवणं हा उपाय नाही, ओढणी गळ्याशी सरकते. मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली खोचून लेकरू दोन मोठ्यांच्या मधे आणि गादी कडेपासून जितकी आत घेता येईल तितकी. शिडी रात्री वर ओढून घ्या, दिवसा आडवी ठेवा. कठडा असेल तर निदान एक मीटर उंच हवा आणि त्याला टेकून कुरडईची खाट, पिंप, विटा काहीही नको. जाळीच्या उभ्या गजांमधलं अंतर ९ सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर लेकराचं अंग पलीकडे जाऊ शकतं.

चढणाऱ्याला उतरायला शिकवा. पोटावर पालथं, पाय आधी खाली. आठवडाभर रोज चार पायऱ्या केल्या की जमतं.

जमिनीवरच्या चुलीभोवती खाट आडवी उभी करून आडोसा करा. राख गार दिसली तरी आतले निखारे तासन्‌तास धग धरतात. भाजलं तर वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं. टूथपेस्ट, बर्फ, शाई काही नको. दुचाकीचा सायलेन्सर पोटरीच्या उंचीवर असतो, म्हणून गाडी लावताना सायलेन्सर भिंतीकडे करा.

बाहेर पडल्यावर हात सोडून पळतं

बाजारात, एसटी स्टँडवर, सारंगखेड्याच्या यात्रेत लेकरू पळतं कारण बघण्यासारखं खूप असतं आणि आपण सलग तासभर त्याला चालवतो. दहा मिनिटं हात धरून चालणं, मग एका जागी पाच मिनिटं थांबून बघू देणं, असा क्रम ठेवला तर ओढाताण फार कमी होते. गर्दीत मनगट धरा, बोट नको. बोट सुटतं. खिशात मोबाइल नंबरची चिठ्ठी ठेवा, पण लेकराचं नाव कपड्यावर बाहेर दिसेल असं लिहू नका, अनोळखी माणूस त्याच नावानं हाक मारू शकतो.

दुचाकीवर चार वर्षांखालचं मूल असेल तर हेल्मेट, चालकाला बांधलेला सुरक्षा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. टाकीवर उभं करून नेणं म्हणजे अचानक ब्रेक लागला की सगळ्यात आधी तेच पुढे फेकलं जाणार. ओढणी आणि साडीचा पदर चाकाकडे जाणार नाही असा खोचा.

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो. सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतरच बाहेर. बागेतली पत्र्याची घसरगुंडी आधी आपल्या हाताच्या मागच्या बाजूनं तपासा, सहाला सुद्धा. दर वीस-तीस मिनिटांनी दोन-चार घोट पाणी, ताक किंवा पन्हं पाजा, मागायची वाट बघू नका. खिशात कांदा ठेवल्यानं ऊन टळत नाही, पोटात पाणी गेल्यानं टळतं. सहा तास लघवी नाही, डोळे खोल गेलेत, लेकरू मलूल आहे, तर ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात कालवून चमच्यानं पाजत दवाखान्याकडे निघा. अर्धं पाकीट अर्ध्या पेल्यात असं अंदाजे करू नका, मीठ जास्त होतं. कालवलेलं २४ तासांनी फेकून द्या. अंग तापलंय, ओकाऱ्या येताहेत आणि शुद्ध मंद वाटतेय, तर ओलं कापड, पंखा आणि १०८.

सगळं करूनही थांबत नसेल तर

दोन वर्षांनंतरही माती, चुन्याचे पोपडे, राख किंवा कोळसा रोज खात असेल तर त्यामागे नुसतं कुतूहल नसतं. अंगात लोह कमी असण्याची शक्यता मोठी असते आणि तिथं कुठलाही पर्यायी खेळ चालत नाही. हिमोग्लोबिन तपासून घ्या. आशाताईंकडून सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना लोहाचं सरबत मिळतं, आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर. तपासणीत लोह कमी निघालं तर डॉक्टर डोस वेगळा ठरवतात. लोहानं शी काळी होते, त्याला घाबरून औषध बंद करू नका. अंगणवाडीत जंताची गोळी साधारण फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये देतात: एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी, पुढे पूर्ण. ती चुरूनच पाण्यातून द्यायची, अख्खी गोळी घशात अडकते.

आणि दीड वर्ष उलटूनही हाकेला वळून बघत नसेल, हवी ती वस्तू बोटानं दाखवत नसेल, एकच हालचाल तासन्‌तास करत असेल, तर ‘पोरं उशिरा बोलतात’ म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत तपासणीला येतं, त्यांना स्वतःहून सांगा. पुढची तपासणी जिल्हा रुग्णालयात होते आणि त्याला पैसे लागत नाहीत. जाताना आठ दिवसांत लेकरानं काय केलं, किती वाजता केलं आणि कोणत्या हाकेला वळलं, हे कागदावर लिहून न्या.